ठाण्याच्या उकाड्यात मॅरेथॉनचा सराव लवचिक कसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न असा: राहता कोलशेतला, नोकरी ऐरोलीत आणि तीही शिफ्टची. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन हे पहिलंच 42 किलोमीटर. नेटवरून घेतलेलं वेळापत्रक एप्रिलमध्येच कोलमडलं, पेस, म्हणजे किलोमीटरमागचा ठरलेला वेळ, निघत नाही, रविवारचा लाँग रन (आठवड्यातला सगळ्यात लांब) हुकतो आणि तो बुधवारी भरून काढला की पाय दोन दिवस जड राहतात.

आधी तारखा मांडा. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून 18 आठवडे मागे आलात की सप्टेंबरचा मध्य येतो, खरा मॅरेथॉनचा सराव तेव्हा सुरू होतो. एप्रिल-मे हा पाया घालायचा काळ. या दिवसांत 25 किलोमीटर रेटून काहीही हाती लागत नाही. 28 ते 32 किलोमीटरचे रन नोव्हेंबर-डिसेंबरच्या गार पहाटेसाठी ठेवा. आत्ता लाँग रन 90 ते 110 मिनिटांचा असला की भरपूर झाला. आणि हो, मिनिटंच म्हणतोय. पावसाळा सुरू होईपर्यंत किलोमीटर मोजणं सोडून द्या, कारण उकाड्यात तेच 15 किलोमीटर शरीराला 18 इतके महाग पडतात.

आता हवेबद्दल, कारण इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. पहाटे मोबाइलवर आर्द्रता 85 टक्के दिसते, दुपारी 55, म्हणून पहाट जास्त वाईट असं लोक धरून चालतात. तसं नाही. ती टक्केवारी तापमानाच्या तुलनेत असते. घाम वाळेल की नाही हे हवेत प्रत्यक्ष बाष्प किती आहे त्यावर ठरतं, आणि ते ड्यू पॉइंटवरून, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं त्या तापमानावरून, कळतं. 27 अंश आणि 85 टक्के म्हणजे ड्यू पॉइंट साधारण 24. संध्याकाळी सात वाजता 31 अंश आणि 65 टक्के असेल तरी तो तिथेच, 24 च्या आत-बाहेर. बाष्प तेवढंच, पण पहाटे हवा चार अंशांनी थंड असते आणि दिवसभर तापलेल्या डांबराची धग नसते. म्हणून पहाटच बरी. फक्त मेमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सात-सव्वासातला चटका लागायला लागतो, त्यामुळे लाँग रन पावणेपाचला सुरू झाला पाहिजे.

हवामानाच्या बऱ्याच ॲपमध्ये ड्यू पॉइंट दिसतो. मी सुचवेन ते आकडे असे: 22 च्या खाली असेल तर ठरलेलं करा. 22 ते 24 मध्ये इझी रनचा पेस किलोमीटरमागे 20 ते 45 सेकंदांनी हळू होणार हे धरूनच निघा. 25 च्या वर बाहेर टेम्पो, म्हणजे सलग जोराचा रन, करू नका, फक्त इझी. मेमध्ये आपल्याकडे 25 हा काही अपवाद नाही. पेस कमी होतो तो तुमच्या कुवतीमुळे नाही. घाम निथळून खाली पडतो, वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. मग हृदयाला रक्त स्नायूंकडेही पाठवायचं असतं आणि कातडीकडेही, शिवाय घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत जातं. त्याच पेसला तासाभरात नाडी 10-15 ठोक्यांनी वर जाते. घड्याळात हार्ट रेट दिसत असेल तर इझी रनला कमाल ठोक्यांच्या 75 टक्क्यांवर छत घाला आणि ते ओलांडलं की मिनिटभर चाला. घड्याळ नसेल तर धावता धावता एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे.

या उष्णतेची सवय होते, आणि मे महिन्याचा खरा फायदा तोच. रोज किंवा दिवसाआड तासभर बाहेर घाम गाळला की 10 ते 14 दिवसांत शरीर बदलतं: आधी रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वाढतो, मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण दिवसभर एसी ऑफिस आणि वर एसी जिममधला ट्रेडमिल, असं असेल तर ही सवय लागणारच नाही. आठवड्यातले किमान तीन रन बाहेर हवेत. दोन-तीन आठवडे थंड ठिकाणी राहून आलात की सवय बरीचशी उतरते, मग परत आल्यावर पहिले पाच-सहा दिवस सगळं हळू आणि आखूड ठेवा.

आठवड्याला वार नेमू नका. तीन रन पक्के, दोन ऐच्छिक, एकूण 180 ते 270 मिनिटं. पक्क्यांपैकी एक लाँग, एक इझी 45 मिनिटांचा, आणि एक जरा जोराचा. हा जोराचा मेमध्ये असा करा: 15 मिनिटं हलकं धावून चढावर 30-40 सेकंदांचे सहा ते आठ फेरे, प्रत्येक वेळी चालत खाली. फेरा छोटा असल्यामुळे शरीर तापून उठत नाही आणि पायात ताकद येते, जी मुंबई मॅरेथॉनच्या उत्तरार्धात पेडर रोडच्या चढाला लागते. टेम्पो करायचाच असेल तर तो एक रन ट्रेडमिलवर, समोर पंखा लावून, 20 मिनिटं. ऐच्छिक दोनांत एक हलका रन आणि एक दिवस पायांचे व्यायाम: स्क्वॉट्स, लंजेस, काफ रेजेस.

क्रम तुमच्या शिफ्टप्रमाणे लावा, पण जोराचा आणि लाँग रन लागून नको. पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर जोराचा रन इझी होतो, लाँग पुढे ढकलला जातो. लाँग रन दोन-तीन दिवस इकडेतिकडे चालतो, बाकी जे हुकलं ते सोडून द्यायचं. तुमचे पाय जड होतात ते याच भरपाईमुळे. अख्खा आठवडा गेला तर तोच आठवडा पुन्हा करा, दोन गेले तर दोन-तृतीयांश वेळेपासून सुरू करा. लाँग रन तोडून सकाळी 60 आणि संध्याकाळी 40 मिनिटं केला तरी मेमध्ये चालेल. नोव्हेंबरमध्ये मात्र तो एकसंधच हवा.

पाण्याचं अंदाजावर सोडू नका, घाम मोजा. निघण्याआधी लघवीला जाऊन कपड्यांशिवाय वजन करा, तासभर धावा, परत येऊन अंग कोरडं पुसून पुन्हा वजन करा. समजा 68.0 चं 66.9 झालं आणि वाटेत 400 मिली प्यायलात, तर तासाचा घाम दीड लिटर. तो सगळा धावताना भरून काढता येत नाही, पोट तेवढं पुढे सोडतच नाही. तासाला 400 ते 700 मिली, थोडं थोडं करून, आणि वजनातली घट 2 टक्क्यांच्या आत राहील असं बघा. उरलेलं पुढच्या काही तासांत, घटीच्या सव्वा ते दीडपट, जेवणासोबत. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते डिहायड्रेशनइतकंच धोक्याचं आहे.

तासाभराच्या पुढच्या रनला ओआरएस घ्या, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं. 20.5 ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतणारे खूप दिसतात, मग मळमळतं आणि दोष ओआरएसला. त्यात साखर लिटरमागे 13.5 ग्रॅमच, म्हणजे ताकदीसाठी वेगळं खावं लागतं: 75-90 मिनिटांच्या पुढे तासाला 30 ग्रॅम कार्बपासून सुरुवात, म्हणजे एक मोठं केळं, किंवा एक जेल आणि वर एखादा खजूर. घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत उत्तम.

घाम पायांवरून ओघळत बुटात उतरतो आणि तासाभराने मोजे पचपच वाजू लागतात. फोड तिथूनच. सिंथेटिक मोजे घाला, बोटांच्या मध्ये आणि मांड्यांना आतून व्हॅसलीन चोपडा, पुरुषांनी स्तनाग्रांवर मायक्रोपोर टेप लावा. बुटांचे दोन जोड आलटूनपालटून वापरा आणि ओल्या जोडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा.

जागा म्हणाल तर चढाला उपवनकडून येऊरचा रस्ता, सावली भरपूर. पण तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकट्याने तर नकोच. लाँग रनला नवी मुंबईतला पाम बीच रोड सपाट आहे, पण सावली नाही आणि गाड्या सुसाट असतात. त्यापेक्षा घराजवळ दोन-तीन किलोमीटरचं आवर्तन धरा. पाणी एका जागी ठेवता येतं आणि त्रास झाला तर घर लांब नसतं.

त्रास म्हणजे काय ते नीट ओळखा. उकाड्यात अंगावर काटा येणं, थंडी वाजणं, गरगरणं, पावलं वेडीवाकडी पडणं, यातलं एकही झालं तर तिथेच थांबा, सावलीत बसा, अंगावर पाणी घ्या. सोबतचा असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरी. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत भिजवत राहा, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. आधी थंड करणं, मग हलवणं. लाँग रनच्या आधी इबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

नाइट शिफ्टच्या आठवड्यात सकाळी घरी येताना धावायचा मोह होतो, कारण त्यानंतर अंथरूणच दिसतं. तेव्हा झोपही झालेली नसते आणि ऊनही चढलेलं असतं. घरी येऊन झोपा, संध्याकाळी पाचला उठून केळं आणि पाणी घ्या, पावणेसातला इझी 40 मिनिटं करा आणि मग कामाला जा. त्या आठवड्यात जोराचा रन ठेवूच नका, लाँग रन सुटीच्या दिवशी, रात्रीची एक पूर्ण झोप मिळाल्यानंतर.