'लैंगिक संस्कार' की ठसा?

ऐरोलीच्या एका प्राध्यापिकांनी विचारले आहे की, प्राणिवर्तनावरील पाठ मराठीत आणताना 'सेक्शुअल इम्प्रिंटिंग'साठी 'लैंगिक संस्कार' हा शब्द त्यांना सुचवण्यात आला. तो चालेल का?

चालू नये, असे माझे मत आहे. मराठीत संस्कार कोणीतरी कोणावर तरी जाणूनबुजून करतो आणि तो चांगलाच असतो असे आपण धरून चालतो. वाईट असेल तर 'वाईट' हे विशेषण मुद्दाम जोडावे लागते. (सुट्टीत ठाण्यातल्या सोसायट्यांच्या फलकांवर लागणाऱ्या संस्कारवर्गांच्या जाहिराती वाचत वाढलेला विद्यार्थी 'लैंगिक संस्कार' वाचून काय समजेल, हे सांगायला नको.) इथे मात्र शिकवणारा कोणी नसतो. पिल्लू आपल्याला भरवणाऱ्याचे रूप पाहते आणि मोठेपणी त्याच रूपाचा जोडीदार शोधते. प्राणिवर्तनाचे जर्मन अभ्यासक क्लाउस इमेलमान यांनी झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्याची नर पिल्ले बंगाली फिंच या दुसऱ्या जातीच्या जोड्यांकडे वाढवली, तेव्हा ती वयात आल्यावर स्वजातीची मादी समोर असतानाही बंगाली फिंचच्या मादीपुढे गाऊ लागली.

प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्ट्स यांनी 1935 मध्ये यासाठी जो जर्मन शब्द रूढ केला, तो 'प्रेगुंग', म्हणजे नाणे पाडणे. नाण्यावर जो उमटतो तो ठसा, आणि मनावर उमटतो तोही ठसाच. शिवाय ठसा 'उमटतो', त्याला कर्ता लागत नाही. 'मुद्रांकन' अर्थाने जवळचे असले तरी ते वाचताच दस्तनोंदणीची रांग आठवते.

'ठसा' घेतला की पुढचे प्रकरणही सोपे होते. आफ्रिकेतील इंडिगोबर्ड हा पक्षी फायरफिंचसारख्या दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतो. त्याच्या नर पिल्लावर यजमानाच्या, म्हणजे घरट्याच्या मालकाच्या, गाण्याचा ठसा उमटतो आणि मोठेपणी तो तेच गातो. मादी तेच गाणे ऐकून नर निवडते आणि तशाच यजमानाचे घरटे गाठते. त्यामुळे चुकून एखाद्या मादीची अंडी नव्या यजमानाकडे पडली, तर तिथे वाढलेले पक्षी आपापसांतच जोड्या जमवू लागतात आणि शिकलेल्या गाण्याच्या जोरावर नवी जाती फुटते. 'फुटते' हे क्रियापद मी मुद्दाम वापरले आहे; 'जातिनिर्मिती' म्हटले की उगाच एक निर्माता डोकावतो.

आता नौपाड्यात पहाटे ओरडणारा कोकीळ घ्या. तोही कावळ्याच्या घरट्यात वाढतो, म्हणून संस्कृतात त्याला 'परभृत' म्हणतात. पण तो काव काव करत नाही आणि कावळीच्या मागेही लागत नाही, कारण स्वजातीची ओळख तो कावळ्याकडून शिकत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या घरी वाढणे आणि त्याचा ठसा उमटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाठात त्यांना दोन वेगळे शब्द हवेत. पहिल्यासाठी 'परभृत' आयताच आहे. दुसऱ्यासाठी 'जोडीदाराच्या रूपाचा ठसा' असे लिहावे, आणि विषय गाण्याचा असेल तिथे 'गाण्याचा ठसा'.