पेपरातल्या इंजेक्शनआधी रिपोर्टातलं 2+ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय 58, स्तनात 2.8 सेंमीची गाठ, बायॉप्सीत ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ हॉर्मोनवर वाढणारी), हर-टू (गाठीच्या पेशींवरचं, वाढ वेगानं करणारं प्रथिन) 2+. पुढच्या आठवड्यात इंदूरलाच ऑपरेशन. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या भुलीच्या इंजेक्शनाबद्दल पेपरात वाचलंत. ते द्यायला सांगावं का, आणि त्यानं केमो टळेल का?

इंजेक्शनाकडे येऊच, पण मला ते 2+ जास्त खटकतंय. हर-टू 3+ म्हणजे पॉझिटिव्ह, 0 किंवा 1+ म्हणजे निगेटिव्ह. 2+ म्हणजे निकाल अजून लागलेलाच नाही. तो लावायला फिश तपासणी करतात, म्हणजे पेशींत हर-टूचं जनुक वाजवीपेक्षा जास्त आहे का ते मोजतात. फिश पॉझिटिव्ह आली, तर 2 सेंमीहून मोठ्या गाठीत बहुतेक वेळा आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅब (हर-टूवर नेम धरणारं औषध) देतात, ऑपरेशन मागाहून. कारण औषधानं गाठ पूर्ण विरघळली का, हे ऑपरेशनातच दिसतं. उरली असेल, तर ट्रास्टुझुमॅबच्या जागी टी-डीएम1, म्हणजे ट्रास्टुझुमॅबला केमोचं औषध जोडलेलं इंजेक्शन, देता येतं. 2018च्या कॅथरीन चाचणीत अशा रुग्णांमध्ये रोग उलटण्याचा धोका त्यानं निम्म्यावर आला. गाठ आधीच काढून टाकली, तर ही परीक्षा घेताच येत नाही.

फिशसाठी आईला पुन्हा सुई टोचायची गरज सहसा नसते. बायॉप्सीचा ब्लॉक, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली मेणाची छोटी वडी, पॅथॉलॉजीकडून मागून घ्या. त्यावरचा नंबर रिपोर्टातल्या नंबराशी जुळवूनच बाहेर पडा. मुंबईला न्यायचा झाला तर इंदूर-मुंबई ‘अवंतिका’ एक्स्प्रेसनं घरचं कुणीही एकटं नेऊ शकतं, आईची दगदग नको. उन्हात बंद गाडीत मात्र ठेवू नका, मेण मऊ पडतं.

फिश निगेटिव्ह आली की मग इंजेक्शनाचा प्रश्न. टाटाच्या पुढाकारानं देशातल्या 11 केंद्रांवर 1,600 स्त्रियांवर ही चाचणी झाली. निष्कर्ष 2023 साली छापून आले. गाठ काढण्याआधी 7 ते 10 मिनिटं तिच्या चोहोबाजूंनी 0.5 टक्के लिडोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं भुलीचं औषध, टोचलं. 5 वर्षांनी रोग न उलटता असलेल्या स्त्रिया 82.6 टक्क्यांवरून 86.6 टक्क्यांवर गेल्या, म्हणजे शंभरात चौघींना फायदा. औषध स्वस्त, धोका कमी, त्यामुळे सर्जनना जरूर विचारा, तेही आधीच्या भेटीत. ऑपरेशनच्या टेबलावर ही चर्चा होत नाही. पण चाचणीतल्या सगळ्या स्त्रियांचं ऑपरेशन औषधांआधी झालं होतं. आईची केमो आधी झाली, तर हे आकडे तिला लागू नाहीत.

केमो या इंजेक्शनानं टळत नाही. ते ठरतं काढलेल्या गाठीवरून. हर-टू निगेटिव्ह असेल आणि काखेतल्या 3 पेक्षा जास्त ग्रंथींत रोग नसेल, तर ऑन्कोटाइप स्कोअर, म्हणजे गाठीतल्या जनुकांवरून रोग उलटण्याचा धोका मोजणारी तपासणी, करता येतो. खर्च लाखांत जातो, पण पाळी गेलेल्या स्त्रीचा स्कोअर 25 किंवा कमी आला, तर हॉर्मोनच्या गोळ्यांवर केमोची भर घालून फायदा होत नाही, हे 2018 आणि 2021च्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलंय.

आणि ऑपरेशनच्या दिवशी ओटीत एवढं सांगून ठेवा: गाठ तासाभरात 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तिच्या दहापट द्रावात गेली पाहिजे. सलाईनमध्ये किंवा कोरडी राहिली, तर ईआर आणि हर-टू खोटे निगेटिव्ह येऊ शकतात, आणि ती चूक नंतर कुठल्याच लॅबला सुधारता येत नाही.