कॅज्युअल्टीतून सुटी मिळाली, आता पुढे?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. पंधरा दिवसांपूर्वी मोबाइलवरून वडील तिला फार बोलले. रात्री तिने घरातल्या गोळ्या घेतल्या. जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं, सलाइन लावलं, हवालदार जबाब घेऊन गेले. नंतर ‘आता धोका नाही’ म्हणून घरी सोडलं. मानसोपचाराचं कुणी नावही काढलं नाही. पोलिस केस होईल या धास्तीने ह्यांना झोप नाही. सासूबाई म्हणतात, विषय काढूच नका. ती शाळेत जाते, पण आली की दार लावून बसते. काय करू?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी ह्यांच्या झोपेचं बघू. हवालदार जबाब घेऊन गेले ती एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस. ती नुसती नोंद, गुन्हा नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरतात आणि तिची काळजी, उपचार ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं, जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ३०९ सारखं सरसकट कलमच उरलेलं नाही. तेव्हा ‘चुकून घेतल्या असं लिहून द्या, सुटाल’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कागदावर ‘चुकून’ आलं की मानसोपचारतज्ज्ञाला बोलावण्याचं कारणच संपतं.

मी सरकारी रुग्णालयात बरीच वर्षं कॅज्युअल्टीच्या कॉलवर होते. कॉटभोवती मामा, काका, शेजारी, स्टुलावर हवालदार, आणि वॉर्डबॉय दारातून ओरडतो, “गोळ्या खाल्लेली कुठली?” पोरगी चादर तोंडावर ओढते. ‘का केलंस?’ हे तिला सगळे विचारतात, पण बाकीच्यांना बाहेर काढून शांतपणे कुणी विचारत नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरवर मी चिडत नाही, त्याच्या पलीकडच्या कॉटवर साप चावलेला पेशंट असतो. पण सुटी देण्याआधी मुलीशी एकटीशी बोलणं आणि पुढची तारीख हातात देणं, एवढं झालंच पाहिजे. ते तुमच्याकडे राहिलं. आता आपण करू.

(इतर वाचकांसाठी : तापाच्या गोळ्या जास्त गेल्या तर मूल पहिल्या दिवशी ठणठणीत दिसू शकतं, यकृताची इजा दोन-तीन दिवसांनी कळते. उलटी झाली म्हणून घरी थांबू नका.)

सासूबाईंचं या बाबतीत ऐकू नका. विषय काढल्याने ते डोक्यात भरत नाही. दोघीच असताना सरळ विचारा, “अजून जीव द्यावासा वाटतो का गं?” ‘हो’ म्हणाली तर रडारड नको, व्याख्यान नको आणि शपथ तर मुळीच घालू नका. आईची शपथ घातलेली मुलगी पुढच्या वेळी लपवते. नुसतं ऐका. त्या रात्री तिला एकटी सोडू नका. तिचा धीर सुटतोय असं वाटलं तर थेट हॉस्पिटल गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

आजच एक काम करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, सासूबाईंच्या बीपीच्यासुद्धा, कुलपात ठेवा. शेती असेल तर फवारणीचं औषध आणि तणनाशकही. किल्ली तुमच्या कमरेला. तो टोकाचा क्षण बहुधा थोडाच वेळ टिकतो, तेवढ्यात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो.

मोबाइलचं भांडण आत्ता बाजूला ठेवा. ह्यांनी तिला एकदा ‘मी फार बोललो’ म्हटलं तर बरं, पण जबरदस्तीने वदवू नका.

याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडीला जा. डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या. आधी मुलगी एकटी आत जाईल, मग तुम्ही, असं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. केसपेपरच्या खिडकीवर रांगेदेखत सगळी हकिकत सांगत बसू नका, ‘मनोविकार विभाग’ एवढं पुरे.