जुनं लेथ घरी आणलं, आता पुढे?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न बंद पडलेल्या वर्कशॉपमधून किंवा भंगारवाल्याकडून घरी आणलेल्या लेथबद्दल, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या मशीनबद्दल आहेत. मशीन गॅरेजमध्ये उतरतं, शेजारी येऊन बघून जातात आणि मग पहिली अडचण विजेची येते. म्हणून आधी वायरिंगचं पाहू.

प्रश्न (इचलकरंजी): वडिलांचं साडेचार फुटी बटाला लेथ घरी आणलं आहे. मोटर एक एचपी, थ्री फेज. घरात सिंगल फेज मीटर आहे. सिंगल फेज मोटर टाकू का?

नका टाकू. आहे ती मोटर ठेवा. सिंगल फेज मोटरचा जोर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि बारीक फिनिशिंग कट घेताना ती थरथर जॉबवर (कापायच्या वस्तूवर) उमटते. थ्री फेज मोटर सलग फिरते. त्या मोटरला एक एचपीचा, म्हणजे ०.७५ किलोवॉटचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावा. आत २३० व्होल्ट सिंगल फेज, बाहेर थ्री फेज. कपॅसिटर लावून तिसरा फेज ‘तयार’ करणारे स्वस्त डबे मिळतात, पण त्यांच्यावर मोटर पूर्ण ताकद देत नाही आणि तापते.

आता खरी मेख. व्हीएफडीतून बाहेर येणारे तीन फेजही २३० व्होल्टचेच असतात. तुमची मोटर ४१५ व्होल्टवर स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून) जोडलेली असणार. या आकाराच्या मोटरी बहुधा तशाच असतात. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला २४० व्होल्टच मिळतात. म्हणून तीच वाइंडिंग डेल्टामध्ये (टोकाला टोक, त्रिकोणात) जोडली की मोटर २३० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. टर्मिनल बॉक्स उघडा. सहा बोल्ट दिसले तर काम सोपं आहे: एका ओळीतले तीन बोल्ट जोडणाऱ्या आडव्या पितळी पट्ट्या काढायच्या आणि समोरासमोरच्या जोड्यांवर तीन पट्ट्या उभ्या लावायच्या. खुणा यू१, व्ही१, डब्ल्यू१ अशा असतील. जुन्या मोटरींवर ए, बी, सी असतं. बॉक्समधून तीनच वायरी येत असतील तर स्टार पॉइंट आत वाइंडिंगमध्ये बांधलेला आहे. तो बाहेर काढायचं काम रिवाइंडिंगवाल्याचं, आणि तुमच्या गावात यंत्रमागाच्या मोटरी भरणाऱ्यांची वानवा नाही. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट डेल्टा असं लिहिलेलं असेल तर मात्र हा मार्ग बंद. मग मोटर नव्याने भरून घ्या किंवा बदला.

डेल्टा केल्यावर करंट बदलतो. नेमप्लेटवर १.८ अँपिअर असेल तर तो १.७३ ने गुणा. व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये साधारण ३.१ अँपिअर भरा. ही एक ओळ भरायची राहिली तर व्हीएफडीला मोटरचं संरक्षण नीट करता येत नाही. आतल्या बाजूने मात्र तो आठ-दहा अँपिअर ओढतो, म्हणून बोर्डापासून २.५ स्क्वेअर मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन टाका. फ्रिजच्या प्लगमधून एक्स्टेंशन ओढू नका.

लेथवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्सचा ड्रम स्विच व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये ठेवायचा नाही. चालू मोटरची लाइन तिथे तुटली तर व्हीएफडीचं आउटपुट जळू शकतं. मोटरच्या तीन वायरी व्हीएफडीतून थेट मोटरला न्या. ड्रम स्विच आवडत असेल तर त्याची फक्त सिग्नलची दोन-तीन कनेक्शन्स व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला द्या, कारण तो हाताला सवयीचा असतो. व्हीएफडी बंद डब्यात, चकपासून (जॉब पकडणाऱ्या फिरत्या जबड्यांपासून) लांब बसवा. लोखंडाचा कीस आत गेला की त्याचं आयुष्य संपलं. आणि डबा उघडण्याआधी लाइन काढून पाच-दहा मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात.

एक मोह आवरा. वेग नॉबवर मिळतो म्हणून पट्टा बदलायचा आळस करू नका. १५ हर्ट्झवर मोटरचा स्वतःचा पंखाही रेंगाळतो, मोटर तापते आणि ताकद मिळत नाही. जड कटसाठी पट्टा खालच्या पुलीवर आणि वेग उतरवणारा बॅक गिअर, हेच बरोबर.

प्रश्न (सातारा): मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर मिणमिणतो. व्हीएफडी नवीन आहे. वायरमन म्हणतो, चालतं.

चालत नाही. आत्ता बंद करा.

बहुधा अर्थिंग तुटलेलं किंवा नसलेलं आहे. व्हीएफडीच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट अर्थकडे सोडतातच. अर्थ वायर नसेल तर मशीनचा सांगाडा सुमारे शंभर व्होल्टवर तरंगत राहतो आणि तुम्हाला झिणझिण्या येतात. त्याच सांगाड्यावर उद्या मोटरचं इन्सुलेशन गेलं तर झिणझिण्यांवर भागणार नाही.

बोर्डापासून हिरवी अर्थ वायर आणा. बेडच्या, म्हणजे मशीनच्या लांब बिडाच्या सांगाड्याच्या, पायाशी रंग खरवडून उघड्या बिडावर रिंग लग, दातेरी वॉशर आणि बोल्ट लावून ती घट्ट करा. रंगावरून बोल्ट मारलेली अर्थ केवळ शोभेची. मोटरच्या बॉडीलाही वेगळी अर्थ वायर द्या. अंगणात एक रॉड ठोकून मशीन तेवढं त्याला जोडायचं, असा सल्ला कुणी दिला तर साधा हिशोब करा: रॉडचा रोध ५० ओम असेल तर दोष झाल्यावर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटवर पडणारा स्विच) तेवढ्याने हलणारही नाही. म्हणून लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, हवा. व्हीएफडीसाठी तो साध्या एसी टाइपचा नको. किमान ए टाइपचा घ्या, आणि व्हीएफडीच्या माहितीपुस्तिकेत बी टाइप सांगितला असेल तर तोच. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, गळती शोधा.

मोटर व्हीएफडीपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासा. वाइंडिंग ते बॉडी एक मेगओमच्या खाली असेल तर चालवू नका. पावसाळ्यात पडून असलेल्या मोटरीत बहुतेकदा नुसती ओल असते. रात्रभर बल्बच्या उबेला ठेवून पुन्हा मोजा. मेगर मात्र व्हीएफडीवर कधीही लावायचा नाही, व्हीएफडी मरेल. आणि वायरमन बदला.

प्रश्न (जालना): लाइट गेली, मी मशीन तसंच सोडून चहाला गेलो. लाइट आली तेव्हा चक फिरत होता, चावी चकमध्ये होती. एमसीबी लावला आहे, तरी असं कसं?

एमसीबीचं ते कामच नाही. साध्या स्विचऐवजी नो-व्होल्ट कॉइलचा डीओएल स्टार्टर लावा, हिरवं-लाल बटण असतं तो. लाइट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि हिरवं बटण दाबेपर्यंत लागत नाही. त्यातला ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या करंटवर लावा, ‘थोडा जास्त’ नको. मशीन झटकन थांबवणारं लाल मशरूम बटण टेलस्टॉककडे, म्हणजे उजव्या टोकाला, नको, चकवरून हात न नेता डाव्या हाताला सापडेल असं बसवा. चकची चावी चकमध्ये ठेवायची नाही, हे तुम्हाला आता कुणी सांगायला नको.

प्रश्न (रत्नागिरी): बेडवर गंज चढला आहे. ग्राइंडरला फ्लॅप व्हील लावून चकाचक करू का? आणि रंग कुठला देऊ?

ग्राइंडर बेडजवळही आणू नका. तुम्ही गंज काढाल आणि त्यासोबत बेडची सरळ रेषाही. रॉकेल ओता, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी धारदार ब्लेड चपटं धरून खरवडा, मग बारीक स्कॉचब्राइट आणि रॉकेल. काळे डाग राहतील, राहू द्या. खड्डे असले तरी तेल धरतात, उंचवटे मात्र नकोत.

हँडल, ब्रॅकेट असे सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून छान निघतात. भाग निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साध्या लोखंडाचा तुकडा. तिथे स्टेनलेस स्टील लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, ओला घासा. रंग कुठलाही द्या, हिरवा द्या, राखाडी द्या, फक्त सरकत्या पृष्ठभागांवर आणि तेलाच्या भोकांत जाऊ देऊ नका. कोकणात खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. प्लॅस्टिक झाकलंत तर ओल आतच अडकते. तेल लावून सुती चादर टाका आणि जमल्यास खाली एक छोटा बल्ब चालू ठेवा.

प्रश्न (भोसरी): १५० मिमी लांबीत ०.०६ मिमी टेपर येतो, बाहेरच्या टोकाला व्यास जास्त. बेड ग्राइंड करून घ्यावा का?

आधी बेड पिळलेला नाही ना, ते पाहा. तुमचं लेथ पत्र्याच्या टेबलावर असेल असा माझा अंदाज आहे.

टेलस्टॉक न लावता चकमध्ये ३० मिमीचा बार धरा, १५० मिमी बाहेर. मधला भाग थोडा खाली काढून दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवा. टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्हींवर अगदी हलका, धारदार कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. जड कट घेतलात तर बार वाकतो आणि बाहेरची कॉलर मोठी येते, मग बेडच्या नावाने बोटं मोडायचं कारण नाही. तरीही बाहेरची मोठीच असेल तर टेलस्टॉककडचा, तुमच्या बाजूचा पाय पातळ शिम घालून किंचित उचला. बेड पिळतो, टूल आत झुकतं, व्यास कमी होतो. पुन्हा कट, पुन्हा माप. गवंड्याचा स्पिरिट लेव्हल इथे उपयोगाचा नाही. ०.०२ मिमी प्रति मीटरचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन कॉलर पुरेशा आहेत.

झीज ओळखायची तर चकजवळ सॅडलची (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाची) जिब, म्हणजे ढिलाई काढणारी पट्टी, बेताची आवळा आणि सॅडल टेलस्टॉककडे सरकवा. अडकलं तर चकजवळचा बेड खाल्लेला आहे. तरी घाबरू नका. बेड सरळ खाली झिजून टूल ०.१ मिमी उतरलं तर २५ मिमीच्या जॉबवर व्यासात जेमतेम एक मायक्रॉनचा फरक पडतो. त्रास देते ती एका बाजूने झालेली झीज, सॅडल कलंडतं तेव्हा. आणि बेड ग्राइंड केला की सॅडल खाली येतं, सॅडलपुढचा एप्रन, सॅडल ओढणारे लीड स्क्रू आणि फीड शाफ्ट यांची रेषा चुकते, ती पुन्हा जुळवायला सॅडलखाली पट्टी भरावी लागते. ग्राइंडिंगच्या भावात हे काम धरलं आहे का, ते आधी विचारा.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): मायफर्ड एमएल ७ घेतलं आहे. लीड स्क्रू इंचाला ८ आट्यांचा. मला १.५ मिमी पिचचे आटे काढायचे आहेत. १२७ दातांचं गिअर महाग आहे, आणि ते बसेल की नाही कळत नाही.

नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचं मशीन तुमच्या हाताशीच मिळालं, छान झालं. तुमच्या लीड स्क्रूचं पिच ३.१७५ मिमी. त्याच्याशी १.५ चं अचूक गुणोत्तर ६० भागिले १२७. पण ६३ दातांचं गिअर घेऊन काम भागतं: चालवणारी ६३ आणि ३०, चालणारी ८० आणि ५०. गुणोत्तर ०.४७२५, पिच १.५००२ मिमी. १०० मिमी लांबीत चूक ०.०१३ मिमीहून कमी. नट-बोल्टला इतकं कुणी विचारत नाही.

आटे पुरे होईपर्यंत सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट उघडू नका. इंची स्क्रूवर मिलिमीटरचे आटे काढताना थ्रेड डायल (हाफ नट कधी लावायचा ते दाखवणारा) भरवशाचा नाही, टूल मागे घेऊन मशीन उलटं फिरवून सुरुवातीला आणा. उलटं फिरवतानाही काळजी घ्या: एमएल ७ चा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो. उलट्या दिशेने जोरात सुरू केलंत किंवा व्हीएफडीवर ब्रेकिंगचा वेळ फार कमी ठेवलात तर तो सुटून हातावर येऊ शकतो. वेग कमी ठेवा, थांबायला दोन-तीन सेकंद द्या.