समुद्रातल्या पवनचक्क्या आणि दारव्ह्याची लेक

नमस्कार भाऊ,

दारव्ह्याहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक बारावी सायन्सला आहे, समुद्रातल्या पवनचक्क्यांना परवानग्या मिळवून देण्याचं काम करीन म्हणते. तुम्ही विचारता, "आम्ही समुद्र पाहिला नाही, हिला तिथे कोण विचारणार? इंजिनिअरिंगलाच घालू का?"

भाऊ, पोरीने नेमकं हेरलं आहे. हे काम बरंचसं फायलींचं आहे. 2015 च्या धोरणानुसार चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था याची मुख्य यंत्रणा. समुद्रातली जागा भाडेपट्ट्याने द्यायचे नियम 2023 मध्ये आले. पात्यांमुळे रडारला अडथळा होतो का, हे संरक्षण मंत्रालय बघतं. जहाजांची वाट अडते का, खाली तेल-वायूचा पट्टा आहे का, हे बघणारी मंत्रालयं वेगळी. केबल किनाऱ्याला लागते तिथे सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या कामांचे नियम. शिवाय मच्छीमारांची रोजीरोटी, आणि तिला मी सगळ्यात वर ठेवतो. हे सारं जुळवायला कायदा किंवा पर्यावरण शिकलेली माणसं लागतात.

पण भारताच्या समुद्रात अजून अशी एकही पवनचक्की वीज देत नाही. केंद्राने 2024 मध्ये गुजरात-तामिळनाडूसाठी 7453 कोटींची योजना मंजूर केली, तरी आज नोकऱ्या थोड्याच आहेत. म्हणून शिक्षण असं निवडा, की वणीकडची कोळसा खाण, सोलर प्रकल्प, जंगलातून जाणारी टॉवर लाइन, कशाचंही काम तिला करता यावं.

मी पाच वर्षांचा लॉ कोर्स सुचवीन. बारावीनंतर लगेच करता येतो, सायन्सची मुलंही घेतात. क्लॅट ही देशपातळीवरची लॉ प्रवेश परीक्षा दिली तर नागपूरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, राज्याची सीईटी दिली तर इतर कॉलेजं. विधी विद्यापीठाची फी जड आहे, स्कॉलरशिपची चौकशी आधी करा. प्रयोगशाळेतच जीव रमत असेल तर पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करू द्या. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था नागपुरातच आहे. इंजिनिअरिंग तिने स्वतः मागितलं तरच.

तोवर एक करा. जिल्ह्यात खाणीची जनसुनावणी लागली, की किमान 30 दिवस आधी नोटीस निघते आणि खाणीच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश कलेक्टर कचेरीत, जिल्हा परिषदेत वाचायला मिळतो. तो तिला वाचू द्या, मग सुनावणीला घेऊन जा. विहिरीच्या पाण्याबद्दल गावकऱ्यांनी काय विचारलं, कंपनीने काय उत्तर दिलं, हे तिने वहीत उतरवावं.

क्लॅट हल्ली डिसेंबरात होते. फॉर्मची शेवटची तारीख या आठवड्यातच बघून ठेवा.