मूठ घट्ट, तरी भाकरी का थापता येत नाही?

प्रश्न : माझ्या थोरल्या जाऊबाईंना सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे. बोटांची कातडी ताठरली आहे, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात. बेळगावला तपासणी केली, तर मुठीची ताकद गेल्या वर्षाएवढीच भरली. पण आता त्यांना भाकरी थापता येत नाही, विडी वळताना पान सुटतं. माप चुकलं का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : माप बरोबर असेल, पण ते अर्ध्याच गोष्टीचं आहे. डायनॅमोमीटर (मुठीची ताकद मोजणारं यंत्र) आवळायला बोटं मिटावी लागतात, पूर्ण उघडावी लागत नाहीत. भाकरी थापायला तळवा सपाट लागतो. या आजारात बोटं मधल्या पेरात वाकून अडकतात आणि तिथेच पहिली अडचण येते. विडीला तर ताकदीपेक्षा चिमूट आणि बोटांची टोकं लागतात. टोकांना जखम असेल किंवा कातडीखाली चुन्याची गाठ असेल, तर ताकद असूनही पान सुटतं.

म्हणून उघडणं आणि मिटणं वेगवेगळं मोजा. तळहातावर बोटाच्या बुडाच्या घडीखाली जी पहिली आडवी रेषा येते, तिथपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं. एकदा बोटं जमतील तेवढी ताठ करून, एकदा मूठ जमेल तेवढी मिटून. पहिल्यातून दुसरं वजा करा. समजा, एकीचं अंतर उघडताना 8 सेंमी, मिटताना 2 सेंमी, फरक 6. दुसरीचं उघडताना 4 सेंमी, मिटताना अर्धा सेंमी, फरक साडेतीन. नुसती मूठ पाहिली तर दुसरीचा हात चांगला वाटेल. प्रत्यक्षात तिची बोटं तळव्याकडेच अडकून बसली आहेत. तुमच्या जाऊबाईंच्या बाबतीत हीच शंका आधी तपासून पाहावी.

चुका होतात त्या अशा. मनगट वाकलं की माप बदलतं, कारण बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरूनच जातात. मनगट सरळच ठेवा. माप बोटाच्या मांसल टोकापासून घ्या, नखापासून नको. प्लॅस्टिकच्या पट्टीत शून्याआधी थोडी मोकळी जागा असते, तेवढी चूक दर वेळी शिरते. कडेलाच शून्य असलेली पट्टी घ्या. बोट दुसऱ्या हाताने दाबून ताठ करू नका, जखमेवर तर मुळीच नाही. थंडीतल्या सकाळी पाण्यातून हात काढून लगेच मोजलंत तर आकडा वाईटच येणार. उबदार खोलीत 15-20 मिनिटं बसवून, दर वेळी दिवसाच्या त्याच सुमारास, दोन्ही हात वेगळे मोजा आणि ताजी जखम असेल तर शेजारी लिहा.

हालचालींसाठी थेरपिस्ट हॅमिस ही चाचणी घेतात : 9 कृती, प्रत्येकीला 0 ते 3 गुण, म्हणजे एका हाताला जास्तीत जास्त 27. रोजच्या कामांसाठी कोचीन (Cochin) नावाची प्रश्नावली आहे : 18 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 5, एकूण 90. दोन्हींत गुण जास्त तितका त्रास जास्त. कोचीनमध्ये बाटली उचलणं, बटण लावणं, किल्ली फिरवणं, टेबलावरची नाणी उचलणं अशी कामं आहेत. भाकरी नाही, विडीही नाही. आपल्याकडे काट्याचमच्याचा प्रश्न तर बहुतेक घरी गैरलागूच. तरी मूळ प्रश्न बदलू नका, नाहीतर जुन्या-नव्या गुणांची तुलना तुटते. त्याखाली जाऊबाईंची स्वतःची 4-5 कामं लिहा, त्यांनाही 0 ते 5 गुण द्या, पण बेरजेत मिसळू नका. उत्तर त्यांनाच देऊ द्या. 'सूनबाई करते की' हे उत्तर नव्हे. मदतीशिवाय जमतं का, ते विचारा.

कातडीचा स्कोअर मात्र यात मोजू नका. तो 17 जागांची जाडी सांगतो. पुढे कातडी मऊ होऊन स्कोअर उतरला तरी वाकलेली बोटं तशीच राहू शकतात.

बोटाचं टोक काळं पडलं, पू आला किंवा असह्य ठणका लागला, तर पट्टी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : या गुणांवर अपंगत्वाचा दाखला मिळेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : थेट नाही. दाखल्यासाठी सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे डॉक्टर सांध्यांची हालचाल, हाताची पकड, संवेदना आणि ताकद स्वतः तपासून टक्केवारी काढतात. बऱ्याच सवलतींसाठी 40 टक्के लागतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. तपासणीला जाताना वर सांगितलेली तारीखवार मापं आणि दोन्ही हातांचे उघडलेले-मिटलेले फोटो सोबत न्या.