आयर्लंडला येण्याआधी: फार्मातलं मायक्रोचं (मायक्रोबायोलॉजीचं) काम खरं कसं असतं

तुम्ही विचारलंय की एमएस्सी मायक्रो झालंय, वाळूजच्या इंजेक्टेबल (इंजेक्शनच्या औषधांच्या) प्लांटमध्ये क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, नोकरी आहे, तर आयर्लंडला पुन्हा मास्टर्स करून नवीन औषधांच्या संशोधनात शिरता येईल का?

पीएचडी असेल तर बघता येईल. आपल्यासारख्यांना इथे बहुधा मिळतं ते औषध जंतूंपासून राखण्याचं काम. कॉर्कजवळ रिंगास्किडीला बड्या औषध कंपन्यांचे कारखाने आहेत, मी त्याच भागात आहे. इथल्या बायोटेक प्लांटमध्ये औषध बनतं ते बहुधा सस्तन प्राण्यांच्या पेशींत, बायोरिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या टाकीत. त्यात जंतू शिरला की अख्खी बॅच गटारात. मायकोप्लाझ्मा हा बारीक जीवाणू तर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो, आणि त्याची जुनी कल्चर टेस्ट (जंतू वाढवून बघायची) २८ दिवस चालते. तोवर सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसतात.

रोजचं काम तुमच्या ओळखीचंच आहे. फिलिंग लाइनवर सेटल प्लेट (हवेतले जंतू पडून वाढावेत म्हणून ठेवलेली अगारची, म्हणजे जंतूंच्या खाद्याची, थाळी) जास्तीत जास्त चार तास उघडी, बाहेर पडताना ग्लोव्हजच्या बोटांचे ठसे अगारवर. निर्जंतुक औषधं बनवायचे युरोपचे सुधारित नियम, म्हणजे ‘अ‍ॅनेक्स १’, २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले. ग्रेड ए मध्ये, म्हणजे सगळ्यात स्वच्छ भागात, जंतूंची एक कॉलनी आली तरी चौकशी. मला आवडतो तो हाच भाग. मायक्रोकॉकस निघाला तर संशय माणसाच्या कातडीवर, बॅसिलस निघाला तर बाहेरून आलेल्या सामानावर, ग्रॅम-निगेटिव्ह निघाला तर आधी पाण्याची लाइन तपासायची. हे सीव्हीत लिहा! ‘ईएम (हवा-पृष्ठभागांवरच्या जंतूंची तपासणी) केलं’ एवढ्यावर कोणी फोन करत नाही. कोणती एक्स्कर्शन (मर्यादेबाहेर गेलेला निकाल) कशी शोधली, मूळ कारण काय निघालं, ते लिहा. एंडोटॉक्सिनला (जीवाणूंच्या विषारी अंशाला) एलएएल, म्हणजे हॉर्सशू खेकड्याच्या रक्तावर आधारलेली टेस्ट, वापरत असाल, तर तिचा प्रयोगशाळेत बनवलेला पर्याय, रीकॉम्बिनंट फॅक्टर सी, वाचून या. युरोपियन फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात) ती पद्धत २०२१ पासून आहे, मुलाखतीत विषय निघू शकतो.

मास्टर्सबद्दल माझं मत विचाराल तर घाई नको. फी जबर आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला मुदत मिळते, तो फायदा खरा. पण अ‍ॅसेप्टिकचा (निर्जंतुक भरणीचा) चांगला अनुभव असेल तर आधी थेट अर्ज करा. क्रिटिकल स्किल्स परमिटच्या (आयर्लंडला हव्या असलेल्या कौशल्यांसाठीच्या वर्क परमिटच्या) यादीत उत्पादन क्षेत्रातले बायोलॉजिकल सायंटिस्ट आहेत. यादी आणि पगाराची अट बदलत असते, म्हणून एजंटच्या सांगण्यावर न जाता सरकारी साइट बघा. आणि कॉर्कमध्ये खोली शोधायला ऑफर लेटर हातात पडल्या दिवसापासूनच लागा.